गुळगुळीत लाटणं

शशिकांतांनी कॅम्प तीनच्या भंगार बाजारातून जुनं बेअरिंग आणून लाकडी मुठीत बसवलं आणि त्याला जोडलेल्या चकतीवर पॉलिश पेपर चिकटवला. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला टेकवताच चकती आपोआप गरगरू लागली. विकतचं घासायचं यंत्र गेलं खड्ड्यात!

चाचणीसाठी त्यांनी स्वयंपाकघरातलं जुनं लाटणं लेथवर चढवलं. डाग गेले, टोकांजवळचे खळगे गेले, लाकूड लोण्यासारखं झालं. मोठ्या तोऱ्यात त्यांनी ते लेकीच्या हातात दिलं.

श्रद्धाने टोकांवरून अंगठे फिरवले, पुन्हा फिरवले.

"बाबा, आईच्या हातांनी पडलेले खळगे कुठंयत?"

मीनलला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

शशिकांत खाली वाकले आणि लेथखालचा भुसा ओंजळीत गोळा करू लागले.