अखंड काचपट्टी

२००३ साली मी अवसरीजवळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि लोकांच्या भिंतींवरच्या भेगांबद्दल न विचारता मत देत होते. बोरी बुद्रुकच्या कुशाबाईंनी मात्र खरंच विचारलं. त्यांच्या कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीपासून खाली तिरपी भेग गेली होती. सून वृषाली तान्ह्या बाळाला घेऊन माहेरहून यायची होती, ती त्याच खोलीत.

"नुसता गिलावा तडकलाय का भितच चाललीय, येवढं सांगा मॅडम. न्हाईतर त्यांना तिकडंच ऱ्हाऊ दे म्हनते."

मी समजावलं. गिलाव्याची भेग बहुधा पडते तेवढीच राहते, भिंतीची वाढत जाते. मग प्रयोगशाळेतली एक पातळ काचपट्टी भेगेवर आडवी धरून तिची दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली. भेग हलली तर काच फुटेल, म्हटलं. उरलेल्या पट्ट्यांचं खोकं तिथेच विसरले.

पंधरा दिवसांनी गेले. काच अखंड, शिवाय पुसून लख्ख. मी भिंगातून पाहिलं, वहीत तारीख घातली आणि वर्गातल्या आवाजात जाहीर केलं, "फक्त गिलावा. बोलवा सुनेला."

कुशाबाईंनी चहा पुढे केला. "बरं झालं बाई. आदीच्या तीन फुटल्या तवा लई घोर लागला व्हता."

"तीन? मग ही?"

"ही काल लावली. तुमी येनार, आन् फुटकी काच कशी दावायची? पावण्यांना कुनी फुटक्या कपात च्या देतं का?"

"अहो मावशी, फुटलेलीच तर बघायची होती!"

"मंग तसं सांगायचं व्हतं."

ते मात्र मी सांगितलं नव्हतं. पहिली काच सहा दिवस टिकली, दुसरी पाच, तिसरी तीनच. हे त्यांना तोंडपाठ होतं. माझ्या वहीत एक तारीख होती, तीही चुकीच्या काचेची.

मग मी घराबाहेर जाऊन पाहिलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मोरीचं पाणी त्याच कोपऱ्याच्या पायात मुरत होतं.

"नका बोलावू," मी म्हणाले. "आधी पाणी तोडा, जाणत्या इंजिनिअरला पाया दाखवा. तोवर तुम्हीही या खोलीत झोपू नका."

कुशाबाईंनी लगेच सुनेला फोन लावला. पलीकडून वृषाली काहीतरी विचारत असावी.

"मॅडमचं ऱ्हाऊ दे गं," कुशाबाई म्हणाल्या. "काचा मी सोता बघितल्यात."