वाटणीतलं लेथ

तिने फाटक अर्धंच उघडलं आणि त्या फटीत स्वतःच उभी राहिली. बाहेर टेम्पो आचके देत थांबला होता. मागच्या हौद्यात गोणपाटावर लेथचा टेलस्टॉक, लांबलचक लीड स्क्रू आणि रॉकेलचा वास मारणारे खोके होते. सॅडल मात्र हौद्यात नव्हतं. ते जुन्या चादरीत गुंडाळून त्याने ड्रायव्हरशेजारी बसून मांडीवर घेतलं होतं.

"फाटक पूर्ण उघड," तो उतरता उतरता म्हणाला. "वजन बघतेस ना?"

"वजन मला माहीत आहे. फाटक किती उघडायचं तेही."

टेम्पोवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि इंजिन बंद करायचा विचार सोडून दिला.

ओसरीवर वेताच्या खुर्चीत तिचे वडील बसले होते. सगळी नोकरी शाळेत पी.टी. शिकवण्यात गेलेली. गुडघे गेले तरी आवाज अजून मैदानाच्या पलीकडे पोचणारा.

"कोण, खरवड्या का? त्याला सांग, सामान टाक आणि चालता हो. इथे पाणीसुद्धा मिळणार नाही म्हणावं."

'खरवड्या' हे नाव त्यांनीच ठेवलेलं, तो जावई झाला त्याच आठवड्यात. त्याचा धंदाच तो. जुन्या यंत्रांचे झिजलेले पृष्ठभाग हातातल्या पात्याने खरवडून तो पुन्हा सपाट करून द्यायचा. जावईपण गेलं, नाव राहिलं.

त्याने सासऱ्यांकडे बघितलंही नाही. सॅडल पोटाशी धरून तो तिरका होत फटीतून आत शिरला. तिचा खांदा फाटकाला घासला, पण ती हलली नाही.

लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, दोघांनी मिळून घेतलं होतं. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात ते गंजत पडलं होतं, त्यांच्या दोघांच्या वयाहून जुनं. ती पंपाच्या कारखान्यात टर्नर, तो खरवडकामातला. अशा दोघांना त्या गंजाखाली काय आहे ते लगेच दिसलं. तिच्या माहेरच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आणून त्यांनी ते खिळान्‌खिळा सुटं केलं. आणि जोडायला घ्यायच्या आत त्यांचंच फाटलं.

मारहाण नव्हती, दारू नव्हती, बाहेरचं काही नव्हतं. लोकांना कारण सांगताना तिची पंचाईत व्हायची. ती जे काम करायची ते तो तिच्या मागे परत करून ठेवायचा, इतकंच. तिने बसवलेलं बेअरिंग काढून पुन्हा बसवायचा. तिने लावलेली धार पुसून स्वतः लावायचा. आणि बोलायचा काहीच नाही. एकदा तिने स्वतःच्या हातची म्हणून एक कातलेली बूश मैत्रिणीला कौतुकाने दाखवली आणि हातात घेतल्यावर तिला कळलं, की ही आपली नाहीच. तो शेजारी उभा राहून चहा पीत होता.

वाटणीच्या वेळी फ्रिज, पलंग, भांडी यांवरून दोघं एका शब्दाने भांडली नाहीत. भांडली ती लेथवरून. शेवटी वकिलाने वैतागून त्याचे दोन वाटे केले. बेड, म्हणजे खालचा रुळांचा पाया, आणि काम धरून फिरवणारा हेडस्टॉक तिचा. हत्यार घेऊन सरकणारं सॅडल, कामाचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक आणि स्क्रू त्याचे. बेडशिवाय सॅडल म्हणजे लोखंडाचा ठोकळा आणि सॅडलशिवाय बेड म्हणजे बसायचं बाक. दोघांनाही हे पुरतं ठाऊक होतं. दोघांनीही सह्या ठोकल्या.

आता तिला कारखाना सोडून घरीच कामं घ्यायची होती. मन मारून तिने निरोप पाठवला होता. उलट निरोप आला, की सामान देतो, पण शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत मी तिथे असणार.

"रंग जाड बसलाय," खोलीत शिरताच तो म्हणाला.

"तुला रंग बघायला बोलावलेलं नाही."

"हेडस्टॉकचं झाकण उघडून बघू?"

"हात लावलास तर पाना फेकून मारीन."

ती गंमत करत नव्हती, हे त्याला कळलं. त्याने हात मागे घेतला आणि चादरीची गाठ सोडायला लागला.

आज त्याची चूक दाखवायचीच, हे तिने निरोप पाठवला तेव्हाच ठरवलं होतं. सॅडल बेडच्या रुळांवर मागेपुढे सरकतं. दोन्हींची अंगं एकमेकांना तंतोतंत मिळाली तरच मशीन खरं काम देतं. इतकी वर्षं झिजलेलं सॅडल बेडवर नुसतं ठेवलं तर डुगडुगणारच. ते बसवायला त्याच बेडवर निळा रंग लावायचा, सॅडल ठेवून सरकवायचं, उचलायचं, जिथे निळं लागलं तिथे खरवडायचं, आणि परत ठेवायचं. असं शेकडो वेळा, निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत. आणि बेड तर वाटणी झाल्यापासून तिच्या खोलीत, कुलपात होता. 'एवढा मोठा कारागीर, आणि सॅडल असं आणलंस?' हे वाक्य तिने आठवडाभर घोळवून ठेवलं होतं.

तिने निळ्या रंगाची डबी काढली, बेडच्या रुळांवर अंगठ्याने पातळ थर पसरला आणि बाजूला झाली.

"ठेव."

त्याने सॅडल ठेवलं. तिने एका कोपऱ्यावर तळवा दाबला, मग दुसऱ्या. ते हललं नाही. तिने ते एकदा पुढे ढकललं, एकदा मागे ओढलं. आवाज न करता ते तेलावरून जावं तसं गेलं.

"उचल," ती म्हणाली.

त्याने सॅडल उचलून पालथं धरलं. खालच्या अंगावर सगळीकडे निळे ठिपके उमटले होते, एकसारखे, मोजून पेरल्यासारखे. रिकामी जागा कुठेही नव्हती.

ती खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. सॅडलच्या वजनाने त्याचे दंड थरथरायला लागले, तरी त्याने ते खाली ठेवलं नाही.

"हे कुठे खरवडलंस?"

"कामावर."

"तुझ्या कामावर माझा बेड आहे?"

सॅडल जपून बेडवर टेकवून त्याने हात चिंधीला पुसले.

"माझ्या मागे येत होतास," ती म्हणाली. "इथेही. माझ्या खोलीत! तुला कोणी विचारलं होतं?"

"कोणी नाही."

"अजून तेच. माणूस बदलत नाही तो नाहीच. किल्ली काढ."

"कसली किल्ली?"

"या खोलीची. मुकाट्याने दे, नाहीतर खिसे मी रिकामे करीन."

त्याने स्वतःच दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रुमाल आणि स्कूटरची किल्ली.

"माझ्याकडे इथली किल्ली कधीच नव्हती," तो म्हणाला.

तिच्याकडची एक किल्ली कमरेला असायची. दुसरी स्वयंपाकघरात, खिळ्याला. ती तशीच बाहेर आली.

वडील ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिची चाहूल लागताच त्यांनी आवाज चढवला.

"गेला का तो नालायक?"

"बाबा, हळू बोला. तो इथे किती दिवस येतोय?"

त्यांनी लगेच मान वळवली नाही. गुडघ्यावरची शाल नीट केली, मग पुन्हा नीट केली.

"तुझी आई गेली त्यानंतर," ते म्हणाले. हा आवाज तिने त्यांच्या तोंडून फारसा ऐकला नव्हता. "एकदा दारात उभा राहिला. म्हणाला, बेड एकदा बघू द्या. म्हटलं, चालता हो. तर म्हणाला, होतो, एवढं खरवडून. मग दर वेळी तेच म्हणायचा. ते धूड स्कूटरवर घालून आणायचा आणि संध्याकाळच्या आत परत न्यायचा."

"परत कशाला न्यायचा?"

"सॅडल त्याच्या वाट्याचं ना. इथे कसं ठेवेल?"

"आणि तुम्ही दार उघडून द्यायचात. मला एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"मी त्याच्याशी एक शब्दही बोललेलो नाही!" ते एकदम उसळले. "विचार त्याला. खुर्ची दारात ओढायचो आणि पाठ करून बसायचो. चहा ठेवला तरी कट्ट्यावर आपटायचो, हातात द्यायचो नाही."

कोपऱ्यात एक काटकी पडली होती, ती तिने पायाने सरकवली.

"तू सकाळी जातेस," वडील भिंतीला सांगावं तसं म्हणाले. "दिवसभर घर खायला उठतं. तो खर्र खर्र करत बसायचा. कोणीतरी आहे असं वाटायचं. आता झालं ना मशीन तयार? झालं तर मग." आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "आवर म्हणावं, आणि चालता हो!"

ती परत खोलीत आली तेव्हा तो लीड स्क्रू पुसत होता. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "टेलस्टॉक लावू?"

"मी लावते. तू बाजूला हो."

पुढचा बराच वेळ दोघं पान्यापुरतीच बोलली. 'तो दे.' 'हा नाही, त्याच्यावरचा.' 'दिसतं मला.' एकदा बोल्ट आवळताना त्याचा हात तिच्या हाताच्या मागोमाग गेला, आवळलेलं पुन्हा तपासायला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने हात खिशात घातला आणि तो तिथेच ठेवला. मोटार जोडून तिने बटण दाबलं तेव्हा हेडस्टॉकवरचा चक फिरायला लागला. खोलीत हलकी, सलग घरघर भरली. दोघांपैकी कोणीही हसलं नाही.

शेवटची तपासणी टेलस्टॉकची. त्याचं टोक हेडस्टॉकच्या बरोबर रेषेत यायला हवं. तिने केसाएवढा फरकही दाखवणारं डायल बसवलं, सुई टेकवली आणि चक हाताने सावकाश फिरवला. तो तिच्या खांद्यावरून बघत होता. पूर्ण फेरा झाला. सुई जागची हलली नाही.

तिने डायल काढून पेटीत ठेवलं आणि पेटी मिटली.

"उंच आहे," ती म्हणाली.

"काय?"

"टेलस्टॉक. केसभर उंच आहे. बूड परत खरवडावं लागेल."

"सुई हललेली नाही. मी बघत होतो."

"मला हललेली दिसली."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "बाकी काय वाटेल ते बोल," तो म्हणाला. "पण माझ्या हातून गेलेलं काम उंच राहत नाही. आजवर राहिलेलं नाही. डायल परत लाव."

"लावणार नाही. मशीन माझ्या खोलीत आहे, मी सांगते ते खरं. घाई नाही मला, सध्या छोटी कामं घेईन. पण तुला करावं लागेल. आणि माझ्यासमोर नको, तुझं तोंड बघवत नाही मला. मंगळवारी मी माल आणायला बाजारात जाते. दुपार उलटेपर्यंत नसते. तेव्हा ये."

तो काहीतरी तोडून बोलणार होता; त्याचा जबडा तसा हललाही. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "अजून आहेच का तो?" आणि मागोमाग लांबलचक खोकला.

तो त्या दिशेने बघत राहिला. मग तिच्याकडे. तिने पाना उचलून फडक्याने पुसायला घेतला होता. पान्याला डाग नव्हता.

त्याने टेलस्टॉकचा बोल्ट सैल केला, तो दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणला आणि बूड वर करून ठेवला. अंगठ्याने त्या गुळगुळीत लोखंडावरून एकदा आडवं, एकदा उभं चाचपून बघितलं.

"उंच असेल तर," तो सावकाश म्हणाला, "एका मंगळवारात नाही व्हायचं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझा हात पहिल्यापासूनच मंद."