राखेच्या सात रेघा

एकोणीसशे एकोणचाळीस साल. डोळखांबकडच्या त्या पाड्यावर लडकूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. देवजी भगतानं मसणातल्या राखेच्या सात रेघा ओढल्या आणि डोळे गरगर फिरवून ओरडला, "हट्! सोड त्याचा पाय! माजी आण हाय तुला!" आणि काय सांगावं! सकाळपासून उंबऱ्याशी खिळलेला लडकू एकेक रेघ ओलांडत चालत आला. बायांनी हात जोडले.

खांबाआडच्या पारूच्या, लडकूच्या सुनेच्या, काळजाचं मात्र पाणी झालं. दोन वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली त्याच वर्षी सासऱ्याचा हात थरथरू लागला, चेहरा ताठला, आवाज बसला. आता तो पापणी न लववता नुसता बघत राही. त्या नजरेनं तिला धडकी भरे. आपल्याच पायगुणानं तर नाही ना हे, असं पाड्यावरच्या बायांसारखं तिलाही वाटू लागलं होतं.

"करणी सुनेची हाय," देवजी म्हणाला. "अवसेला तिला शिवेबाहेर काढा."

"जा गो बाई मुकाट्यानं," सासू हिराबाई म्हणाली.

अवसेच्या आदल्या दुपारी पारूनं कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काठ्या अंगणात ओळीनं वाळत टाकल्या. लडकू उंबऱ्यात अडकून उभा होता. काठ्यांकडे बघितलं आणि त्यानं पाय उचलला. एक काठी, दुसरी, तिसरी! काठ्या संपल्या तिथं पुन्हा थिजला. पारूच्या मनात आलं: राख नाही, मंतर नाही, मग भुताला हाकललं कुणी?

दुसऱ्या दिवशी तिनं हिवतापावरचं कोयनेल वाटायला आलेल्या शहापूरच्या डॉक्टरांना हातापाया पडून घरी आणलं. तिला शिवेबाहेर काढायला देवजीसकट अख्खा पाडा जमला होता. तिनं काठ्या मांडल्या, लडकू चालला.

"माजा मंतर अजून अंगात हाय त्याच्या!" देवजी गरजला.

"मंग ह्या उचलते," पारू म्हणाली. "आता चालव."

देवजी घसा कोरडा पडेस्तोवर ओरडला. लडकूचा पाय हलला नाही.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या खोल भागात एक काळसर जागा असते. तिच्या जोरावर आपण आपोआप चालतो, हसतो. यांची ती जागा झिजते आहे, म्हणून आपोआप चालायची वाट बुजली. डोळ्यांनी खूण बघून पाऊल टाकायची वाट निराळी, ती अजून चालू आहे. मग रेघ राखेची असो, नाहीतर काठीची. हा बरा होणारा आजार नाही, वाढतच जाईल. पण करणी नव्हे."

देवजीनं झोळी उचलली आणि काढता पाय घेतला. तेवढ्यात लडकूचे ओठ हलले. हिराबाईनं पहिल्यांदाच त्याच्या तोंडाशी कान नेला.

"दोन वर्सं सांगतोय," तो पुटपुटला. "पोरीनं काय नाय केलं."

हिराबाई पारूचे पाय धरून रडली.

बाबांनो, चमत्कार दिसला तर राख बाजूला सारा आणि पुन्हा बघा. आणि कुणाला शिवेबाहेर काढायच्या आधी आजारी माणसाला काय म्हणायचंय ते ऐकून घ्या.