फाटकाकडे वळलेली कोरफड

पंडितशेठना गोष्टी सांगायची हौस होती, आणि गोष्टीत गिऱ्हाईक गुंतलं की कापड आपोआप फाडलं जातं, हे त्यांना कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं. अमळनेरकडून चौथीतूनच शाळा सोडून सुरतेला आलेला हा माणूस लिंबायतमध्ये फेंटचा, म्हणजे मिलमधून उरलेल्या साडीच्या तुकड्यांचा, धंदा करता करता शेठ झाला होता. त्यांच्या गोष्टींत सगळ्यांत जास्त चालायची ती कोरफडीची. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं अर्धी सुरत पळाली, बायको पुष्पाबाई आणि लेक योगिता गावी गेल्या, शेठ मात्र मालाच्या राखणीला एकटेच थांबले. आणि नजर लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड, जी मातीपाण्यावाचून वर्षभर हिरवी राहते, ती एका दिवसात सुकून काळी पडली. "माझ्यावरचं तिनं अंगावर घेतलं," असं म्हणून शेठ हात जोडत, आणि समोरचा माणूसही नकळत हात जोडी.

या गोष्टीतून एक माणूस त्यांनी वगळला होता.

शेजारच्या खोलीत धुडकू नावाचा त्यांच्याच गावाकडचा लूम कारागीर एकटा राहायचा. मागांची खटखट ऐकून ऐकून त्याचे कान अधू झाले होते, त्यामुळे कुणाचं दार वाजवलं तर ते वाजलं की नाही याची त्याला खात्री नसे. तो तीनदा टकटक करी, थांबे, आणि मग आणखी एक. गल्लीत त्याची यावरून थट्टा व्हायची. पोरं जेवणाच्या ताटावर तसं वाजवून दाखवायची. त्या सप्टेंबरात, भर दुपारी, रिकाम्या गल्लीत, शेठच्या दारावर तीनदा टकटक झाली, थांबली, आणि मग आणखी एक.

"मी शे, धुडकू. अंग तापनं भाऊ. दार उघाड ना."

शेठ आत पाटावर बसले होते. आत कुणी नाही असं वाटावं म्हणून त्यांनी श्वास रोखला. धुडकू बराच वेळ त्या कोरफडीखाली उभा होता, हे दाराच्या फटीतून दिसणाऱ्या त्याच्या पायांवरून कळत होतं. मग पाय गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला कुलूप होतं आणि कोरफड काळी पडली होती. तो गावी पोचला असं कुणी म्हणालं, पोचलाच नाही असंही कुणी म्हणालं. शेठनी सगळ्यांना सांगितलं की त्या दिवशी ते गोडाउनवर होते.

दारावर सुकलेली कोरफड तापीत सोडायची असते, मातीला परत लावायची नसते. पण चिंधीचंही गिऱ्हाईक शोधणाऱ्या माणसाला टाकणं जमत नाही. कामरेजच्या रस्त्यावर शांताबाईंची नर्सरी होती, तिथं जुनी कोरफड दिली की नवी स्वस्तात मिळे. शेठनी ती काळी कोरफड, तिला बांधलेल्या निळ्या फेंटच्या तुकड्यासकट, तिथं नेऊन दिली, आणि या हुशारीचीही पुढं एक गोष्ट केली.

आता त्याला दोन वर्षं होत आली होती. योगिता बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीची दोन पोटातच गेलेली, हे तिसरं आठव्या महिन्यापर्यंत आलं होतं, आणि शनिवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बाळाची हालचाल कमी आहे, लक्ष ठेवा. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पुष्पाबाईंनी नवसाचे नारळ बांधले. शेठना सुचलं ते एवढंच, की दाराला ताजी कोरफड आणावी. "मलाही न्या बाबा," योगिता म्हणाली, "घरात बसून जीव कोंडलाय."

शांताबाईंच्या नर्सरीत फुलझाड औषधालाही नव्हतं. बीडकडची ही बाई ऊसतोडीला चलथाणला आली आणि नवरा गेल्यावर इथंच राहिली. तिला दुष्काळातली झाडं तेवढी कळत. तेलाच्या कापलेल्या डब्यांतून निवडुंग, फांद्यांचा नुसता गुंता झालेला शेर, मांसल पानांच्या कडेनं पिल्लं फुटलेली पानफुटी. सगळी आपापलं पाणी पोटात धरून गप्प बसलेली. योगिता एकेका पानाला बोट लावून बघत होती आणि पुष्कळ दिवसांनी हसत होती.

"पानी नको घालू माय त्यांना," शांताबाई म्हणाल्या. "लाड केला की सडत्यात. माणसावानीच."

मागच्या बाजूला लोकांनी परत दिलेल्या कोरफडी होत्या. प्रत्येकीला जिच्या तिच्या दाराची चिंधी बांधलेली. "लोक म्हनत्यात मेल्या. मेल्या कशाच्या, दमलेल्या असत्यात. मातीत ठिवल्या की उठत्यात." त्या रांगेत सगळ्यांची पानं उन्हाकडं झुकलेली होती. एकच डबा असा होता की त्यातली कोरफड उन्हाकडं पाठ करून फाटकाकडं वळली होती. तिच्या बुडाशी निळी चिंधी होती, पिवळ्या कैऱ्यांची.

"ह्या डब्याला कितींदा फिरवून ठिवला शेट," शांताबाई सहज म्हणाल्या. "पुन्हा फाटकाकडंच. कुनाची तरी वाट बघत आसंल."

शेठ हसले. म्हणजे ओठ फाकले, पण हसू आलं नाही.

"बाबा, ही तर आपली फेंट!" योगितानं ओळखलं. "माझा परकर होता याच छापाचा." ती डब्यापाशी वाकली. मोठ्या कोरफडीच्या बाजूनं एक पिल्लू वर आलं होतं. पिल्लं काढताना माती खणावी लागते, मूळ सोडवावं लागतं. हे तिनं बोट लावताच निघून आलं, हात पुढं केल्यासारखं.

"राहू दे ते," शेठ म्हणाले.

"का?"

शेठनी तोंड उघडलं. दोन हजार गिऱ्हाइकांना सांगितलेली गोष्ट त्यांच्या जिभेवर होती, आणि आता जे सांगायला हवं होतं तेवढंच तिच्यात नव्हतं. त्या दिवशी मी आत होतो आणि दार उघडलं नाही, एवढं एक वाक्य. समोर लेक आठव्या महिन्याचं पोट सावरत उभी होती.

"घरी जागा कुठाय," ते म्हणाले.

"तुम्ही? आणि फुकटचं नको म्हणता?" योगिता खळखळून हसली. "शांताबाई, लिहून ठेवा हो तारीख!"

"ज्याच्या दाराची, त्यानंच न्यावी," शांताबाई हात झटकत म्हणाल्या. "न्हेऊ द्या."

रिक्षात ते पिल्लू तिच्या मांडीवर होतं, पोटाला टेकून. शेठ रस्ताभर बाहेर बघत राहिले. ते एकही गोष्ट सांगत नाहीत हे पाहून योगितानं विचारलंही, "बरं वाटत नाही का?" घरी आल्यावर नवी कोरफड त्यांनी स्वतः दारावर टांगली, सुतळीला दोन गाठी जास्त मारल्या. पिल्लू योगितानं आत नेलं आणि उशाशी वाटीत ठेवलं. त्याची टोकं फाटकाकडं नव्हती, दाराकडंही नव्हती. ती आडव्या झालेल्या योगिताच्या पोटाकडं होती हे शेठनी पाहिलं, आणि ते पुन्हा त्या खोलीत गेले नाहीत.

दुपारी ते बाहेरच्या खोलीत पाटावर बसले होते. आत योगिता पडल्या पडल्या शिरा खात होती. थाळी तिनं पोटावर ठेवली होती, लहानपणापासूनची खोड.

"आई! आई, हाललं गं! केवढ्यानं!"

पुष्पाबाई स्वयंपाकघरातून धावल्या. "थांब, थाळी उचलू नको, बघू दे. देवा, देवा रे!" त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "बघ, पुन्हा! चमचा कसा वाजतोय बघ!"

बाहेर ऐकू आलं. स्टीलवर स्टील, हलकंच. तीनदा. मग थांबलं. आत दोघी श्वास धरून वाट बघत होत्या.

मग आणखी एक.

"बाबा, ऐकलंत का?" योगितानं हाक मारली. "बाबा? बाहेरच आहात ना?"

पंडितशेठ पाटावर बसून होते. आत कुणी नाही असं वाटावं म्हणून त्यांनी श्वास रोखला होता.