दोन किल्ल्यांचे कुलूप

मी एक जुने कुलूप आहे. कापलेले. मित्रांनो, कडी कापल्यावरही कुलूप म्हणवून घ्यावे का, हे मला ठाऊक नाही. दुसरे नाव कोणी दिले नाही, म्हणून हेच चालवते आहे.

मला दोन भावांनी घडवले. थोरल्यांना सगळा कारखाना दादा म्हणे, धाकट्यांना भाऊ. दादांचा हात कानशीवर बसलेला, भाऊंची जीभ गिऱ्हाइकांत रुळलेली. कुलपे उत्तम, पण देशाबाहेर त्यांना कुत्रे विचारत नव्हते. समुद्रापलीकडे दरवाजे बनवणारी एक मोठी कंपनी होती. तिच्याकडे दुकाने होती, कुलपे नव्हती. मग हातमिळवणी झाली. साचे आमचे, दुकाने त्यांची, नव्या कुलपावर नाव दोघांचे. एकट्याने कोणी ते कुलूप करायचे नाही. साचे लोखंडी कपाटात. कपाटाला मी. माझ्या पोटाला दोन छिद्रे; दोन वेगळ्या किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय मी उघडत नसे.

डावे छिद्र

ही किल्ली दादांच्या खिशात.

कारखान्यातल्या मिस्त्रींनी विचारले, "दादा, एक जादा किल्ली करून ठेवू? वेळ काय सांगून येते?"

"जादा किल्लीच ठेवायची, तर भागीदारी कशाला केली?"

दादांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, चहा घेऊन आल्या होत्या. "कपाट उघडायला दोन माणसं," त्या म्हणाल्या, "आणि घरातला डबा उघडायला मीच एकटी!"

उजवे छिद्र

ही किल्ली घेऊन भाऊ परदेशी राहायला गेले. भागीदारांच्या कचेरीत आपल्या बाजूचा माणूस हवा होता.

नवा साचा ठेवायचा झाला की ते यायचे. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून माझ्यासमोर उभे राहायचे. "एक, दोन, हं!" दोन्ही किल्ल्या एकदम फिरायच्या आणि माझी कडी टुणकन उडायची. पाहुणे माझे फोटो काढत. मी पितळेचे, पण त्या दिवसांत सोन्याचे असल्यासारखे मिरवत होते.

मधली जागा

एके दुपारी कपाटाशेजारचा फोन वाजला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"दादा, स्प्रिंग जरा पातळ केली तर किंमत उतरेल. ते दुप्पट माल घेतील म्हणतात."

"पातळ स्प्रिंगचं कुलूप म्हणजे दाराला घातलेला दागिना. चोर खूश."

"एक नमुना तरी करून बघू."

"तू त्यांचा झालास रे."



"इथे मला तुझा माणूस म्हणतात. तू त्यांचा म्हणतोस. मी कुणाचाच राहिलो नाही, दादा."

दादांनी फोन ठेवून दिला. स्प्रिंगच्या बाबतीत दादांचेच खरे होते, असे मला अजूनही वाटते. पण फोन ठेवायला नको होता.

त्या शनिवारी मिस्त्री तेलाची कुपी घेऊन आले. दर शनिवारी कारखान्यातल्या प्रत्येक कुलपाला एक थेंब, ही तिथली रीत.

"त्याला नको," दादा म्हणाले. "उघडायचंच नाही, तर तेल कशाला?"

हे कोण म्हणाले? ज्यांच्या कुलपाच्या प्रत्येक डब्यात 'महिन्यातून एकदा तेल घाला' अशी चिठ्ठी जायची, ते.

हातमिळवणी मोडली, फोनही बंद झाले. पावसाळे गेले. माझ्या आतल्या लोखंडी स्प्रिंगांवर काहीतरी लाल लाल पसरत गेले. कपाटाच्या आतही पसरत असणार. मला पाठीमागे पाहता येत नाही.

दोन्ही छिद्रे

पातळ स्प्रिंगची कुलपे पलीकडच्यांनी दुसरीकडून करून घेतली. ती धडाधड बिघडली. मग त्यांना आमची आठवण झाली. मोठे प्रदर्शन तोंडावर होते. जुन्या साच्यांतून लगेच माल मिळाला, तर हातमिळवणी पुन्हा सुरू होणार होती.

भाऊ स्वतः आले. केस पांढरे.

"किती वाळलात हो," वहिनी म्हणाल्या.

दोघे माझ्यासमोर उभे राहिले. खांद्याला खांदा लागला नाही. "एक, दोन..." दादांनी मोजले. "हं," भाऊ म्हणाले.

मित्रांनो, मी होते नव्हते ते सगळे बळ लावले. मला उघडायचे होते. इतके उघडावेसे मला आधी कधीच वाटले नव्हते. कट्! भाऊंची किल्ली माझ्या पोटातच तुटली.

मिस्त्रींनी करवत आणली. ती दादांनी घेतली. भाऊंनी मला घट्ट धरले, दादांनी कापले. दार उघडले. साचे गंजाने खाल्ले होते. बोट लावताच पोपडे पडले.

भाऊंनी पलीकडे फोन लावला. त्या भाषेतला 'माफ करा' एवढाच शब्द मला कळतो. तो त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटला.

जाताना ते दारात थांबले. "दादा, भांडायला तरी फोन करायचास."

कडीची जागा

आता मी दादांच्या टेबलावर असते. तुटलेली किल्ली अजून पोटात आहे. दर शनिवारी दादा मला तेल घालतात. एक थेंब डावीकडे, एक उजवीकडे. मग हातातली कुपी तशीच धरून फोनकडे बघत बसतात.

मला आता तेल नको. मित्रांनो, त्या खोलीत कधी गेलात तर एवढे करा. दादांच्या हातातली कुपी काढून घ्या आणि तिथे फोन द्या.