‘सोपं आहे’ म्हणालात तर वाजेन

मी घंटी बोलतेय. शाळेची नव्हे, सायकलचीही नव्हे. टेबलावर ठेवतात आणि वरच्या बटणावर तळहात मारला की ‘टिंग’ करते, ती. पितळेचा घुमट, लोखंडी बूड, आत एक चिमुकली हातोडी आणि एक स्प्रिंग. एवढाच माझा संसार.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे माझ्यासारख्या दिवसाला चारशे निघत. तपासणीच्या टेबलावरच्या बाईने मला कानाजवळ धरून एकदा वाजवलं, शेजारणीला म्हणाली, “ही बघ गं, चांगली खणखणीत आहे,” आणि खोक्यात टाकलं. त्या एका वाक्याच्या जोरावर मी आजवर तग धरून आहे.

पहिली नऊ वर्षं एका लॉजच्या काउंटरवर गेली. माणसाची घाई मी तिथे पाहिली. मॅनेजर समोर उभा असला, त्याच्याशी नजरानजर झालेली असली, तरी माणसं मला वाजवणारच. तीही एकदा नाही, तीनदा. पुढे लॉज बंद पडलं, मी भंगाराच्या ढिगात आले आणि तिथून मला मास्तरांनी उचललं.

मास्तर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले होते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची मंडळी जमायची. दहा-बारा जण, एक फळा, एक डगमगतं टेबल, आणि खालून रिंगवर हातोडी पडल्याचे आवाज. संगणकाची एक भाषा होती. जगात तिला फार कोणी विचारत नव्हतं, पण हे सगळे तिच्या प्रेमात होते. तिचे हट्टही तसेच होते. त्या भाषेत एकदा लिहिलेली गोष्ट पुसून बदलता येत नाही. बदल हवा असेल तर जुनीला हात न लावता नवी बनवायची. शिवाय कुणी उत्तर मागेपर्यंत ती भाषा कामाला हात लावत नाही.

“म्हणजे अगदी ह्यांच्यासारखी,” मास्तरांच्या बायको म्हणाल्या होत्या. “मागितल्याशिवाय जागचं हलायचं नाही.”

ह्या आमच्या काकू. सगळेच त्यांना काकू म्हणत. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या थर्मासमधून चहा आणायच्या आणि दाराजवळच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायच्या. बोलणाऱ्याची वीस मिनिटं झाली की मला वाजवायचं, एवढं काम त्यांच्याकडे होतं. मी वाजायचे आणि कोणी ऐकायचं नाही. लॉजमध्ये निदान मॅनेजर दचकायचा तरी.

सगळ्यात जास्त बोलायचा तो दाढीवाला. पस्तिशीचा, मोठ्या कंपनीत हीच भाषा वापरून पोट भरणारा. फळ्याचा ताबा त्याच्याकडे. काकूंनी त्याचं नाव पंडित ठेवलं आणि ते त्याला इतकं आवडलं की त्यातला टोमणा त्याच्या गावीही नव्हता.

एका रविवारी जिना चढून एक नवीन बाई आली. हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. पुढे सगळे तिला ताई म्हणू लागले, म्हणून मीही ताईच म्हणते. वही उघडून ती म्हणाली, “गेल्या महिन्यात आम्ही सव्वीस पिशव्या फेकल्या. रक्ताच्या. मुदत संपलेली कळलंच नाही कुणाला. एकच तक्ता, तीन पाळ्या, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचे आकडे खोडतो. लोक हात पुढे करून रक्त देतात हो, आणि आम्ही ते फेकतो. तुमच्या भाषेत खोडताच येत नाही असं ऐकलं. मग मला सांगा, पिशवी बाहेर गेली हे लिहायचं कसं?”

“सोपं आहे,” पंडित म्हणाला.

आणि उठून त्याने फळ्यावर बाण काढायला सुरुवात केली. एका बाणातून दोन, दोनातून सहा. कोपऱ्यातला एकजण म्हणाला, हे असं नाही मांडायचं. दुसरा म्हणाला, तुझंच चुकतंय. मास्तरही खडू घेऊन उठले. चाळीस मिनिटं खडाजंगी चालली आणि त्यात पिशवी हा शब्द कुणाच्याही तोंडी आला नाही. मी साक्षीला होते, मी मोजत होते.

ताईने वही मिटली. पेनाला टोपण लावलं. माणूस पेनाला टोपण लावतो तेव्हा तो मनातल्या मनात जिना उतरायला लागलेला असतो.

तेवढ्यात काकूंनी मला वाजवलं. असं की खालच्या दुकानातली हातोडीसुद्धा थांबली.

“वेळ संपली का काकू?” पंडितने विचारलं.

“वेळ नाही, माझा संयम संपला. सोपं आहे म्हणालास ना? मग मला समजावून सांग. मला कळलं तर सोपं. नाही कळलं तर तुलाच येत नाही, असं मी समजेन.”

“काकू, तुम्हाला कसं...”

“का? मला डोकं नाही?”

मास्तर खाली बघून हसले. पंडितने फळा पुसला आणि पहिल्यांदाच पिशवीचं चित्र काढलं. अर्धा तास लागला. शेवटी काकू म्हणाल्या, “कळलं. म्हणजे पिशवी गेली तर जुनी यादी फाडायची नाही, ती पिशवी सोडून बाकीच्यांची नवी यादी करायची. जुनी जपून ठेवायची, म्हणजे कोणी काय केलं ते दिसतं. हेच आधी सांगायचं होतंस!” ताईने टोपण काढलं आणि ते सगळं लिहून घेतलं.

तेव्हापासून तो नियम झाला. कागदावर कुठे लिहिला नाही, पण कोणी मोडलाही नाही. जो ‘सोपं आहे’ म्हणेल त्याच्यासाठी मी वाजणार, आणि काकू ‘कळलं’ म्हणेपर्यंत त्याने फळ्यापाशी उभं राहायचं. ‘उघडच आहे’ आणि ‘फक्त एवढंच करायचं’ यांनाही तीच शिक्षा. एकदा मास्तरच सापडले, तर काकूंनी त्यांना सव्वा तास उभं केलं आणि मग म्हणाल्या, “पहिल्यांदाच कळलं होतं. बघत होते, किती वेळ टिकता.”

काय दिवस होते ते! चर्चा म्हणजे चर्चा असायची. माणसं भांडायची, टेबलावर हात आपटायची, चहा गार व्हायचा, आणि पुढच्या महिन्याच्या रविवारी तीच माणसं, “मी विचार केला, तुझं बरोबर होतं,” असं सगळ्यांसमोर सांगायची. ते वाक्य मी त्या खोलीत किती वेळा ऐकलं! हल्ली ऐकू येत नाही.

आठ महिन्यांत ताईचा प्रोग्रॅम तयार झाला. सोमवारी तो रक्तपेढीत सुरू होणार होता, म्हणून आदल्या दिवशी तिने तो सगळ्यांना दाखवला. सगळ्यात जुनी पिशवी आधी, मुदत जवळ आली की लाल. पंडितने ओळ न् ओळ तपासली होती. टाळ्या झाल्या. काकू टाके मोजत होत्या. मोजता मोजता त्यांनी विचारलं, “पिशवी गेली, आणि ऑपरेशनच रद्द झालं, तर?”

“अर्ध्या तासात, थंड पेटीतून परत आली तर ठेवून घेतो आम्ही,” ताई म्हणाली.

“मग ती परत आलेली कशी लिहिता?”

“सोपं आहे,” पंडित म्हणाला.

टिंग.

तो हसतच उठला. “ऐका काकू. जुनी नोंद आपण बदलत नाही. पिशवी परत आली की तिची नवी नोंद बनवतो. नवी नोंद बनली की तिच्यावर त्या दिवसाची तारीख...” आणि तो तिथेच थांबला.

काकूंनी सुया खाली ठेवल्या. “कागदावर नवी झाली रे. आतलं रक्त तेच ना?”

महिनाभर जुनी पिशवी बाहेर जाऊन परत आली की त्या प्रोग्रॅमला ती आजची वाटणार होती. यादीत ती शेवटी जाणार होती, लाल होणार नव्हती, आणि मुदत संपल्यावरही कुणाला तरी चढणार होती. बदलायचं नाही, नवं बनवायचं, हे व्रत बारा हुशार माणसांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ही चूक त्यांच्याच हातून व्हायची होती. खोडरबर वापरणाऱ्याच्या हातून ती झालीच नसती.

पंडितने स्वतःच्या हाताने फळा पुसला. त्याने आणि ताईने चार वाजेपर्यंत बसून ते दुरुस्त केलं. प्रत्येक नोंदीत एक जास्तीचा रकाना आला: रक्त मुळात कधी काढलं, ती तारीख. नोंद कितीही वेळा नवी झाली तरी ती जशीच्या तशी पुढे जाणार. ताईने त्या रकान्याला नाव दिलं ‘आतलं तेच’. पुढच्या महिन्यात फेकलेल्या पिशव्या चार. त्याच्या पुढच्या महिन्यात एक.

मग दिवस बदलले. भाषा नावारूपाला आली, जो तो तिच्यामागे लागला. रविवारी यायला कोणाला जमेना. पंडितने इंटरनेटवर कट्टा उघडला. हजारो सभासद, चोवीस तास चर्चा. मास्तरांना कौतुक वाटलं. मला राग आला आणि तो मी लपवत नाही. हजारो माणसं एका जागी बोलतात याचा राग नाही. पेनाला टोपण लावणारं माणूस तिथे कोणालाच दिसत नाही, त्याचा राग आहे.

मास्तर आणि काकू लेकीकडे राहायला गेले. शेवटच्या रविवारी पाचच जण होते. काकूंनी मला पदराने पुसलं आणि ताईच्या हातात दिलं. “घे. तुला लागेल.”

तेव्हापासून मी रक्तपेढीच्या खिडकीत आहे. पुन्हा काउंटर, पुन्हा तीन-तीनदा. पण इथल्या लोकांना मी नाव ठेवत नाही. त्यांची घाई खरी असते.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलने नवा संगणक दिला. त्यावर भाषेची नवी आवृत्ती होती आणि ताईचा प्रोग्रॅम तिच्यावर चालेना. जुना संगणक दिवसातून दोनदा बंद पडत होता. वरिष्ठ म्हणाले, “एक तारखेपर्यंत जमलं तर बघा. नाहीतर आपला जुना तक्ता बरा.” तोच तक्ता. सव्वीस पिशव्यांचा.

ताईने कट्ट्यावर प्रश्न टाकला. दोन मिनिटांत त्याला कुलूप लागलं, म्हणजे त्यावर आता कोणालाच उत्तर लिहिता येणार नव्हतं. खाली लिहिलं होतं: ‘हे आधी विचारलं गेलं आहे. सोपं आहे, शोधा.’ तिने शोधलं. सात वर्षांपूर्वी कोणीतरी हेच विचारलं होतं आणि मग स्वतःच खाली लिहिलं होतं, ‘सुटलं, धन्यवाद.’ कसं सुटलं, त्याचा पत्ता नाही. मी विचारते, याला चर्चा म्हणायचं? ताईने वही मिटली. मी खिडकीतून पाहत होते, मला वाजताही येत नव्हतं. घंटीचं दुःख हेच. वाजवायला दुसऱ्याचा हात लागतो.

एक तारखेला तीन दिवस उरले होते. दुपारी एकजण धावत आला. हातात थंड पेटी. त्याने मला तीनदा वाजवलं. दाढी पांढरी झाली होती, पण तळहात मी ओळखला.

“सासऱ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं,” तो आत बघत म्हणाला. “ही पिशवी परत द्यायला सांगितलंय. अर्ध्या तासाच्या आत...” मग त्याची नजर खाली, माझ्यावर आली. “ही तीच का?”

“तीच,” ताई म्हणाली. तिने पिशवी घेतली, तपासली आणि जुन्या संगणकावर नोंद केली. पडद्यावर नवी नोंद आली. शेवटच्या रकान्यात तारीख मात्र तीन आठवड्यांपूर्वीची होती. आतलं तेच. पंडित ते बघत राहिला.

“अजून चालतो हा?”

“परवापर्यंत. मग परत तक्ता.”

“का?”

“तुमच्या कट्ट्यावर विचारलं होतं मी. कुलूप लावलंत.”

“तो तुझा प्रश्न होता? अगं, रोज दोनशे येतात, नावं बघत नाही मी. आणि ते आधी विचारलेलं आहे. नव्या आवृत्तीत फक्त एक... सोपं...”

शब्द अर्धा राहिला. काकू तिथे नव्हत्या. त्याने आपला हात उचलला आणि माझ्यावर मारला. एकदाच.

स्प्रिंग सैल झाली आहे, घुमटावर हिरवट डाग आहेत. ‘टिंग’ कसलं, घसा बसल्यासारखा आवाज निघाला. पण निघाला.

तो स्टूल ओढून खिडकीच्या आत बसला. “पहिल्यापासून सांगतो. अडलं की थांबव.” ताईने पेनाचं टोपण काढलं. पहिल्यांदा तिला कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही, आणि दुसऱ्यांदा त्याचं त्यालाच दिसलं की त्याला स्वतःला अर्धंच कळलं होतं. तिसऱ्यांदा ताई म्हणाली, “कळलं.” संध्याकाळी नवा संगणक पिशव्यांची यादी दाखवत होता. जाण्यापूर्वी पंडितने तिथेच बसून कट्ट्यावरचं कुलूप काढलं आणि खाली सगळं उत्तर लिहिलं, पहिल्या पायरीपासून. ताईने ते काकूंना फोनवर वाचून दाखवलं. काकूंना आता कमी ऐकू येतं. दोनदा वाचावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या आसपास कोणी प्रश्न विचारून गप्प झालं असेल, वही मिटत असेल, टोपण शोधत असेल, तर माझ्यासारखी एखादी जवळ ठेवा. आणि ‘सोपं आहे’ तोंडातून निघालंच, तर स्वतःच हात मारा.

एकदाच मारा. तीनदा नको. मी आता थकले आहे.