उपचार करणाऱ्यांची सही

“द्या इकडे, मारतो सही. दरवेळी काय विचारायचं त्यात?” डॉक्टरसाहेबांनी पेन उघडलंसुद्धा.

व्यायामवाल्या बाईंनी शिंपीकाकांच्या विम्याचा फॉर्म सोडला नाही. अठरा वर्षं दवाखान्याच्या मागच्या खोलीत आखडलेले हातपाय त्या हलते करत होत्या आणि सही व्हायची साहेबांची. साहेब माणूस भला; पण शिंपीकाकांचा हात त्यांनी एकदाही हातात धरला नव्हता. अर्धांगवायूने लुळा पडलेला तो हात बाईंनी पाच महिने चोळून, वळवून, प्रसंगी रागावून पुन्हा कात्रीपर्यंत आणला होता.

“साहेब, काम माझं आहे. यावेळी सही मी करते.”

“अहो, तिथे ‘डॉक्टरांची सही’ छापलंय! क्लेम बोंबलला तर काकांनी काय करायचं?”

बाईंनी काकांकडे पाहिलं. बाकावरून शिंपीकाकाच खेकसले, “बोंबलू दे! हात कुणी चालवला ते मला ठाऊक आहे. करा हो बाई.”

छापील ओळ होती ‘उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही’. बाईंनी ‘डॉक्टरां’ खोडलं आणि ‘करणाऱ्या’वर टिंब दिलं. ओळ झाली ‘उपचार करणाऱ्यांची सही’. खाली आपलं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहिला.

आठवड्यात फॉर्म परत आला. ‘मजकुरात खाडाखोड. नामंजूर.’

बाई हबकल्या, मग चिडल्या. काकांची पॉलिसी त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली आणि काकांना घेऊन थेट विमा कचेरी गाठली.

“हे बघा. ‘नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट वा परिचारिकेचे उपचार ग्राह्य.’ तुमच्याच पॉलिसीत आहे.”

कारकुनाने कान खाजवला. “आहे खरं. पण फॉर्मात तसा रकाना नाही ना.”

“मग चुकलाय फॉर्म. भोगायचं काकांनी?”

कारकून कागद घेऊन आत गेला तो अर्ध्या तासाने हसत बाहेर आला. “मंजूर! आणि नवे फॉर्म तुमच्या खाडाखोडीप्रमाणेच छापायचे ठरलेत.”

बाईंना तिथेच रडू फुटलं, इतका आनंद झाला. काका म्हणाले, “एका टिंबात भागवलंत! मला पूर्ण उसवावं लागलं असतं.”

नवे फॉर्म आले तेव्हा दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या सिस्टरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जखमा धुतल्या होत्या.

“इथे मी करायची सही?”

“तुम्हीच,” बाई म्हणाल्या.

सिस्टरांनी आधी रद्दी कागदावर चारदा लिहून पाहिलं. मग हात पुसून सावकाश सही केली, वडिलांच्या नावासकट.